लिनक्स लॅपटॉप नेमका कोणाचा डीएनएस वापरतो? शोधा, बदला आणि खात्री करा

वायफाय जोडलेलं आहे, त्याच वायफायवर फोन मस्त चालतोय, पण लॅपटॉपवर साइट उघडायला गेलं की 'सर्व्हर सापडला नाही'. मग कोणीतरी सांगतं, "डीएनएस बदल रे." तुम्ही एखादा व्हिडिओ बघता, त्यात सांगितलेली फाइल उघडता, दोन ओळी टाकता आणि साइट उघडते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फाइल उघडून बघितली तर तुम्ही लिहिलेल्या ओळी गायब!

यात लॅपटॉप बिघडलेला नसतो. बदल चुकीच्या जागी केलेला असतो, एवढंच. लिनक्समध्ये डीएनएसची सेटिंग एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसते, आणि जी फाइल सगळ्यात आधी सापडते ती बहुतेक वेळा नुसती पाटी असते. खरा कारभार दुसराच कोणीतरी बघत असतो. म्हणून या लेखाचा क्रम असा आहे: आधी कारभारी कोण ते शोधायचं, मग त्याच्याकडेच बदल सांगायचा, आणि शेवटी बदल खरंच झाला का ते तपासायचं.

उबंटू, लिनक्स मिंट, फेडोरा आणि डेबियन डेस्कटॉप वापरणाऱ्यांना हे सगळं जवळपास जसंच्या तसं लागू होतं.

कमांड कशा वाचायच्या?

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, आणि अंकही इंग्रजीच वापरा. जिथे स्पेलिंगमध्ये गडबड होऊ शकते तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत. कमांड टाइप करायच्या नसतील तर सेटिंग्जमधून करायची पद्धतही खाली आहे, आणि बहुतेकांना तेवढी पुरते.

डीएनएस म्हणजे काय, थोडक्यात

फोनमध्ये तुम्ही 'आई' या नावावर टॅप करता आणि फोन नंबर लावतो. नंबर तुम्हाला पाठ नसतो. इंटरनेटवरही तसंच आहे. तुम्ही साइटचं नाव टाकता, पण कॉम्प्युटरला लागतो आकड्यांचा आयपी पत्ता. नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, अर्थात डोमेन नेम सिस्टिम.

ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे आणि ती फाइल सगळे जण उतरवून घ्यायचे. कॉम्प्युटर वाढले तशी ती पद्धत झेपेना. त्या फाइलचा वंशज तुमच्या लॅपटॉपमध्ये आजही आहे: ईटीसी फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाइल. लिनक्स साधारणपणे आधी या फाइलमध्ये बघतो, तिथे नाव नसेल तरच डीएनएसला विचारतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमचा लॅपटॉप स्वतः जगभर विचारत फिरत नाही. तो एका सर्व्हरला विचारतो, त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. रिझॉल्व्हर आधी रूट सर्व्हरला विचारतो, मग डॉट इन किंवा डॉट कॉम सांभाळणाऱ्या सर्व्हरला, मग त्या साइटच्या स्वतःच्या सर्व्हरला. मिळालेलं उत्तर तो काही वेळ लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या माणसाला ते पटकन मिळतं. आपण 'डीएनएस बदलतो' म्हणजे हा रिझॉल्व्हर बदलतो.

एवढं महत्त्व कशाला द्यायचं?

कारण हा रिझॉल्व्हर दोन गोष्टी करू शकतो. एक, तुम्ही दिवसभरात कोणकोणत्या साइट उघडल्या त्यांच्या नावांची यादी त्याच्यासमोरून जाते. पेजवर काय वाचलं ते त्याला दिसत नाही, पण कुठे गेलात ते कळतं. रात्री दोनला एखाद्या आजाराची माहिती देणारी साइट उघडली, नोकरीची साइट उघडली, कर्जाची साइट उघडली, या सगळ्यांची नावं त्याच्याकडे पोहोचतात. दोन, त्यानं खोटा पत्ता दिला तर तुम्ही बँकेचं नाव टाकून भलत्याच्याच दारात जाऊ शकता.

दुसरी भीती कल्पनेतली नाही. 'डीएनएस चेंजर' नावाचा मालवेअर लोकांच्या कॉम्प्युटरमधली डीएनएस सेटिंग गुपचूप बदलायचा. राउटरचा पासवर्ड कंपनीनं दिलेलाच ठेवला असेल तर तो राउटरमध्येही शिरायचा प्रयत्न करायचा. १०० हून जास्त देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर त्यात अडकले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं कारवाई केली. पण चोरांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर एवढ्या लोकांचं इंटरनेट एका क्षणात बंद पडलं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीनं त्या जागी काही महिने स्वच्छ सर्व्हर चालवले गेले आणि ९ जुलै २०१२ ला ते बंद केले. हल्ला विंडोज आणि मॅकवर होता, पण राउटर बिघडला की त्याला जोडलेला लिनक्स लॅपटॉप आणि फोनसुद्धा त्याच वाटेनं जातात.

म्हणून 'माझा डीएनएस कोण?' याचं उत्तर माहीत असायला हवं, बदलायचा असो वा नसो.

लॅपटॉपच्या आत कोण काय करतं?

इथे तीन पात्रं आहेत.

पहिलं, नेटवर्क मॅनेजर. वायफायला जोडणं, पासवर्ड लक्षात ठेवणं ही कामं याची. वायफाय जोडलं की राउटर त्याला आयपी पत्त्याबरोबर 'हा डीएनएस वापर' असंही सांगतो. या देवघेवीला डीएचसीपी म्हणतात. तुम्ही काहीही सेट केलेलं नसतानाही डीएनएस चालतो तो यामुळे.

दुसरं, सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड. हा लॅपटॉपच्या आत बसलेला निरोप्या. ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्राम याला नाव विचारतात, हा बाहेरच्या सर्व्हरला विचारून उत्तर आणतो आणि थोडा वेळ जपून ठेवतो. उबंटूमध्ये तो आधीपासून असतो, फेडोरात ३३ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०२० पासून आहे. डेबियनमध्ये तो आपोआप असेलच असं नाही.

तिसरी, ईटीसी फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल. हीच ती पाटी. जुने प्रोग्राम हिच्यात बघतात. पूर्वी ही फाइल हातानं लिहायची पद्धत होती. आता बहुतेक लॅपटॉपवर ती वरच्या दोघांपैकी कोणीतरी लिहितं, आणि वायफाय पुन्हा जोडलं किंवा लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की नव्यानं लिहितं. तुमच्या ओळी जातात त्या अशा.

पायरी १: आत्ता कोणता डीएनएस चालू आहे ते शोधा

सोपी पद्धत: ग्नोम डेस्कटॉप असेल तर सेटिंग्ज उघडा, वायफायवर जा, जोडलेल्या नेटवर्कसमोरच्या गिअरच्या चिन्हावर क्लिक करा. 'डिटेल्स' टॅबमध्ये डीएनएसची ओळ दिसेल.

टर्मिनलची पद्धत: आधी पाटी वाचू.

कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

या फाइलच्या नावात रिझॉल्व्हच्या शेवटी ई नाही. व्ही नंतर सरळ डॉट येतो. बरेच जण इथेच अडकतात. आता 'नेमसर्व्हर' या शब्दापुढे काय लिहिलंय ते बघा.

१२७.०.०.५३ दिसलं, तर सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड कारभारी आहे. १२७ नं सुरू होणारा पत्ता म्हणजे तुमचा स्वतःचाच लॅपटॉप. शेवटचे ५३ हे डीएनएसच्या पोर्ट नंबरची आठवण करून देतात. म्हणजे पाटीवर लिहिलंय 'आतल्या माणसाला विचारा'. खरा सर्व्हर इथे दिसणारच नाही.

१९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो बहुधा तुमचा राउटर. फाइलच्या वरच्या ओळीत नेटवर्क मॅनेजरचं नाव असेल, तर फाइल त्यानं लिहिली आहे.

१२७.०.०.५३ आलं असेल तर आतल्या माणसालाच विचारा:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

इथे मात्र रिझॉल्व्हमध्ये ई आहे: आर, ई, एस, ओ, एल, व्ही, ई आणि त्याला चिकटून सी, टी, एल. उत्तरात वर 'ग्लोबल' असा भाग येतो आणि खाली प्रत्येक जोडणीचा वेगळा भाग. वायफायच्या जोडणीचं नाव साधारण डब्ल्यूएलपी२एस० असं काहीतरी असतं, तुमचं वेगळं असू शकतं. त्याखाली 'करंट डीएनएस सर्व्हर' अशी ओळ बघा. हा तुमचा खरा सर्व्हर.

सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड नसेल तर नेटवर्क मॅनेजरला विचारा:

एनएमसीएलआय डिव्हाइस शो

यात 'आयपी४ डॉट डीएनएस' आणि 'आयपी६ डॉट डीएनएस' अशा ओळी शोधा. दुसरी ओळ विसरू नका, तिची गंमत पुढे आहे.

तिथे राउटरचाच पत्ता दिसत असेल, तर गोष्ट अजून एक पायरी पुढे जाते. राउटर स्वतः सहसा फक्त पुढे ढकलण्याचं काम करतो, आणि त्याच्या मागे बहुतेक वेळा तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर असतो. राउटरच्या सेटिंग पेजवर तो बघता येतो.

पायरी २: दोष डीएनएसचाच आहे का?

डीएनएस बदलण्याआधी एवढी एक चाचणी करा:

पिंग १.१.१.१

नंतर नावानं करा:

पिंग विकिपीडिया.ऑर्ग

पिंग थांबवायला कंट्रोल आणि सी. आकड्यांचं पिंग चाललं आणि नावाचं 'नाव सापडत नाही' अशा अर्थाच्या संदेशानं फसलं, तर दोष डीएनएसचा. दोन्ही फसले तर बहुधा इंटरनेटच बंद आहे, डीएनएस बदलून काही होणार नाही. फक्त एक लक्षात घ्या, काही कॉलेज आणि ऑफिसच्या नेटवर्कवर पिंगच बंद ठेवलेलं असतं. तिथे ही चाचणी धरून चालू नका.

एकच साइट उघडत नसेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर होस्ट्स फाइल बघा. कधीतरी कोणीतरी तिथे त्या साइटची ओळ टाकलेली असेल, तर डीएनएस कितीही बदला, लॅपटॉप त्या ओळीचंच ऐकेल. 'डिग' ही कमांड होस्ट्स फाइल बघत नाही, थेट डीएनएसला विचारते. म्हणून डिग बरोबर पत्ता दाखवतं आणि ब्राउझर भलतीकडे जातो, असं दिसलं की संशय याच फाइलवर घ्या.

पायरी ३: कोणता डीएनएस निवडायचा?

फुकट आणि सगळ्यांना खुले असलेले तीन प्रसिद्ध पर्याय:

गूगल: ८.८.८.८ आणि ८.८.४.४. डिसेंबर २००९ पासून सुरू. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून तपासणीसाठी सगळे हाच वापरतात.

क्लाउडफ्लेअर: १.१.१.१ आणि १.०.०.१. १ एप्रिल २०१८ ला सुरू झाला. तारीख एप्रिल फूलची असली तरी सेवा खरी आहे. घरात लहान मुलं लॅपटॉप वापरत असतील तर त्यांचाच १.१.१.३ हा पत्ता मालवेअर आणि अश्लील साइट अडवतो.

क्वाड नाइन: ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२. २०१७ मध्ये सुरू झालेली ना-नफा संस्था, २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला हलली. धोकादायक म्हणून नोंद झालेल्या साइटचा पत्ता हा देतच नाही.

आता खरं काय ते ऐका. डीएनएस बदलल्यानं तुमची यादी कोणालाच दिसत नाही असं होत नाही. ती वेगळ्या माणसाच्या हातात जाते. इंटरनेट कंपनीवर विश्वास ठेवायचा की यापैकी एकावर, एवढीच निवड आहे. कोणावरच विश्वास ठेवायचा नाही हा पर्याय या मेनूत नाही.

आणि स्पीड? 'डीएनएस बदला आणि नेट दुप्पट करा' असे व्हिडिओ ढिगानं आहेत. डीएनएसचं काम साइट उघडण्याच्या अगदी सुरुवातीला काही मिलिसेकंदांत संपतं. आधीचा सर्व्हर खूपच संथ असेल तर पेज उघडायला लागणारा वेळ कमी झालेला जाणवेल. पण डाउनलोड, व्हिडिओ, गेमचं पिंग यांचा वेग त्यानं वाढत नाही.

स्वतः मोजून बघायचं असेल तर:

डिग @१.१.१.१ विकिपीडिया.ऑर्ग

उत्तराच्या शेवटी 'क्वेरी टाइम' येतो. पत्ता बदलून तीन-चार वेळा करा आणि तुमच्या घरून कोण लवकर उत्तर देतं ते बघा. दुसऱ्यांदा तेच नाव विचारलं की उत्तर साठवलेलं असतं, म्हणून दरवेळी वेगळ्या साइटचं नाव घ्या.

पायरी ४: बदला

पद्धत अ, सेटिंग्जमधून. ग्नोममध्ये वायफाय, मग गिअर, मग 'आयपीव्ही४' टॅब. डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' बंद करा आणि खालच्या चौकटीत पत्ते स्वल्पविराम देऊन लिहा, उदाहरणार्थ ९.९.९.९, १४९.११२.११२.११२. 'अप्लाय' करा. मग वायफाय बंद करून पुन्हा चालू करा. हे केलं नाही तर जुनाच सर्व्हर चालू राहू शकतो. केडीई प्लाझ्मामध्ये त्या जोडणीच्या आयपीव्ही४ टॅबवर 'मेथड' या ठिकाणी 'ऑटोमॅटिक, ओन्ली अॅड्रेसेस' असा पर्याय निवडा आणि खाली डीएनएस सर्व्हर लिहा.

पद्धत ब, टर्मिनलमधल्या मेनूतून. डेस्कटॉप कोणताही असो, नेटवर्क मॅनेजर असेल तर ही चालते:

एनएमटीयूआय

सगळी पाच अक्षरं एकत्र. 'एडिट अ कनेक्शन' निवडा, तुमचं वायफाय निवडा, आयपीव्ही४च्या भागासमोर 'शो' करा. डीएनएस सर्व्हरमध्ये पत्ते जोडा आणि 'इग्नोर ऑटोमॅटिकली ऑब्टेन्ड डीएनएस पॅरामीटर्स' या चौकटीत स्पेसबारनं खूण करा. ही खूण राहिली तर राउटरनं दिलेला सर्व्हरही यादीत राहतो. शेवटी 'ओके', मग मागे येऊन 'अॅक्टिव्हेट अ कनेक्शन' मधून वायफाय तोडा आणि पुन्हा जोडा.

दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सारखी आहे: बदल फक्त त्या एका वायफायपुरता होतो. घरच्या वायफायवर केलेला बदल हॉस्टेलच्या वायफायवर लागू होत नाही. बऱ्याचदा हे चांगलंच असतं.

आता आयपीव्ही६ची गंमत. तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ चालू असेल तर राउटर त्याचाही डीएनएस देतो. तुम्ही फक्त आयपीव्ही४चा बदललात, तर लॅपटॉपकडे दोन्ही उरतात आणि तो जुन्यालाच विचारू शकतो. म्हणून आयपीव्ही६ टॅबवरही ऑटोमॅटिक डीएनएस बंद करा. तिथे क्वाड नाइनचा किंवा क्लाउडफ्लेअरचा आयपीव्ही६ पत्ता टाका, किंवा चौकट रिकामी ठेवा. आयपीव्ही४वरचा डीएनएस सर्व्हरही आयपीव्ही६ पत्ते शोधून देतो, त्यामुळे रिकामी ठेवली तरी अडत नाही.

पद्धत क, नुसतं करून बघायला. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड असेल तर:

सुडो रिझॉल्व्हसीटीएल डीएनएस डब्ल्यूएलपी२एस० १.१.१.१

जोडणीचं नाव तुमचं टाका. हा बदल तात्पुरता असतो. लॅपटॉप पुन्हा सुरू केला की जातो. लगेच परतायचं असेल तर वायफाय बंद करून चालू करा. नवीन सर्व्हर आठ-दहा मिनिटं वापरून बघायला ही पद्धत सगळ्यात बरी.

पद्धत ड, सगळ्या नेटवर्कसाठी आणि कुलूपबंद. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, तो तुम्ही बघितला असेल. त्यात तुमचे प्रश्न एन्क्रिप्ट होऊन जातात, म्हणजे वाटेत बसलेल्याला वाचता येत नाहीत. साध्या डीएनएसमध्ये ते पोस्टकार्डासारखे उघडे जातात. लॅपटॉपवर तेच करायचं असेल तर उबंटूवर ही फाइल उघडा:

सुडो नॅनो /ईटीसी/सिस्टिमडी/रिझॉल्व्ह्ड.कॉन्फ

आत लागणाऱ्या ओळी आधीच लिहिलेल्या असतात, फक्त पुढे हॅशचं चिन्ह लावून झोपवलेल्या असतात. तीन ओळींपुढचा हॅश काढा. डीएनएस या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे ९.९.९.९#डीएनएस.क्वाड९.नेट असं लिहा. इथला हॅश ठेवायचा, त्याच्यापुढचं नाव सर्व्हरची ओळख पटवायला लागतं. डीएनएसओव्हरटीएलएस या ओळीत 'नो' च्या जागी 'यस' करा. डोमेन्स या ओळीत ~ हे चिन्ह आणि त्याला चिकटून एक टिंब लिहा, म्हणजे सगळी नावं याच सर्व्हरला विचारली जातील. सेव्ह करा आणि:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड

हे प्रश्न पोर्ट ८५३ वरून जातात. एखाद्या नेटवर्कनं तो पोर्ट अडवला असेल तर 'यस' असताना कुठलंच नाव सापडणार नाही. तिथे 'यस' च्या जागी 'ऑपॉर्च्युनिस्टिक' लिहा, म्हणजे जमलं तर एन्क्रिप्ट, नाहीतर साधं.

पायरी ५: खात्री करा

पुन्हा रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस करा आणि 'करंट डीएनएस सर्व्हर' बघा. जुनी साठवलेली उत्तरं पुसायला:

रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस

मग बाहेरून तपासा. क्वाड नाइन लावला असेल तर ब्राउझरमध्ये ऑन.क्वाड९.नेट उघडा, ते पेज हो किंवा नाही असं सरळ सांगतं. क्लाउडफ्लेअर लावला असेल तर १.१.१.१/हेल्प उघडा. एन्क्रिप्शन चालू आहे का तेही तिथे दिसतं.

सिस्टिम बरोबर दाखवते पण पेज 'नाही' म्हणतं? मग ब्राउझर बघा. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' खाली 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' असा भाग आहे. तिथे वेगळा सर्व्हर निवडलेला असेल तर फायरफॉक्स सिस्टिमला विचारतच नाही, स्वतःचं स्वतः बघतो. क्रोममध्येही 'सिक्युअर डीएनएस' आहे. म्हणजे चौथा कारभारीही असू शकतो.

कधी बदलू नये?

लॉगिन पेज असलेलं वायफाय: स्टेशन, कॅफे, हॉटेलचं फुकट वायफाय आधी ओटीपी मागतं. ते लॉगिन पेज दाखवण्यासाठी बऱ्याचदा त्यांच्याच डीएनएसचा आधार घेतला जातो. तुमचा डीएनएस पक्का बसवलेला असेल तर पेजच येत नाही. तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिक करा, लॉगिन करा, मग परत बदला.

कॉलेज किंवा ऑफिसचं नेटवर्क: आतल्या साइट, लायब्ररीचं पोर्टल, प्रिंटर यांची नावं काही वेळा फक्त तिथल्याच डीएनएसला माहीत असतात. बाहेरचा सर्व्हर म्हणणार, 'असं नावच नाही.' ऑफिसचा व्हीपीएन वापरत असाल तर पद्धत ड लावण्याआधी विचार करा, आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दुसरा डीएनएस राउटरचाच ठेवला तर चालेल का?
चालेल, पण मग फिल्टरचा भरवसा राहत नाही. पहिला सर्व्हर उत्तर देईना की लॅपटॉप दुसऱ्याकडे जातो. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड तर दुसऱ्याकडे गेला की तो चालतोय तोवर तिथेच थांबतो. दोन्ही पत्ते एकाच सेवेचे ठेवा.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलला कुलूप लावायची कमांड नेटवर सापडली. लावू का?
नको. फाइल बदलणार नाही हे खरं, पण नवीन वायफाय, व्हीपीएन, लॉगिन पेज सगळं अडेल आणि सहा महिन्यांनी कारण आठवणार नाही.

डीएनएस बदलला म्हणजे व्हीपीएनसारखं लपलो का?
नाही. इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या आयपी पत्त्याशी बोलताय ते दिसतंच, आणि बहुतेक वेळा साइटचं नावही जोडणीच्या सुरुवातीला उघडं जातं.

राउटरमध्येच बदलला तर?
घरातले सगळे फोन, टीव्ही, लॅपटॉप एकदम बदलतील. तिथे गेलाच आहात तर राउटरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड आधी बदला. डीएनएस कोणता हवा हे त्याच्या नंतरचं काम.

बँकेची साइट उघडताना सर्टिफिकेटचा इशारा आला तर?
पुढे जाऊ नका. चुकीच्या पत्त्यावर पोहोचल्याची ती एक खूण असू शकते. लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, मग पायरी १ पासून डीएनएस तपासा, आणि तोवर दुसऱ्या नेटवर्कवरून, म्हणजे फोनच्या मोबाइल डेटावरून काम करा.

सगळं आधीसारखं कसं करायचं?
पद्धत अ किंवा ब वापरली असेल तर ऑटोमॅटिक पुन्हा चालू करा आणि टाकलेले पत्ते काढून टाका. पद्धत ड वापरली असेल तर त्या तीन ओळींपुढे पुन्हा हॅश लावा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. बदल करण्याआधी पायरी १ मधलं उत्तर एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा. काही बिघडलं तर आधी काय होतं ते शोधत बसावं लागणार नाही.